बंगला रिकामा, कधीही पाहा

फोन ठेवल्यावर बनुबाईंच्या लक्षात आलं, की सून "जाते" म्हणाली.

डाळीला नुसती फोडणी द्यायची की आमटी करायची, एवढंच विचारायला त्यांनी फोन केला होता. खरं तर तेही निमित्तच. संयोगिता एकटी कुठं घर दाखवायला गेली, की बनुबाईंना स्वयंपाकघरात काही ना काही विचारण्यासारखं सापडायचंच. सूनही ते ओळखून होती. दोन शब्दांत उत्तर देऊन ती हसायची आणि "येते हं आत्या" म्हणून फोन ठेवायची. आज ती हसली नाही. "आमटीच करा. ठेवते आत्या, जाते मी," एवढंच म्हणाली आणि फोन बंद झाला.

बाई निघताना "जाते" म्हणत नाही. परत यायचं असतं, म्हणून "येते" म्हणायचं. हे कुणाला शिकवावं लागत नाही, माधवनगरच्या गिरणीवाल्याची लेक असलेल्या सुनेला नाही आणि कडेगावच्या उसात वाढलेल्या सासूलाही नाही. एका दिवाळीत भांडून माहेरी निघाली होती, तेव्हासुद्धा संयोगिता दारात थांबली होती आणि रागानं का होईना, "येते" म्हणाली होती.

हे कुणाला सांगायचं, तर बनुबाईंना तो शब्द उच्चारावा लागला असता. वास्तू तथास्तु म्हणत असते, आणि मोहित्यांचं हे तर घरं विकणाऱ्यांचं घर, इथली वास्तू जरा जास्तच जागी असणार. अभद्र शब्द तोंडातून काढला आणि खरा झाला म्हणजे? त्यांनी तो शब्द गिळला आणि रवी हातात घेतली.

पुढच्या खोलीत, म्हणजे मोहित्यांच्या ऑफिसात, धाकटा लेक ऋषिराज कॉम्प्युटरवर कुठल्या तरी फ्लॅटचे फोटो उजळ करत बसला होता. धंदा वडलांनी काढलेला, चालवायची वहिनी, आणि जाहिराती याच्याकडं. जाहिरातीत खोल्या मोठ्या दिसायच्या आणि आभाळ फार निळं असायचं.

"ऋषी, वहिनी कुणाला घर दावाय गेलीया रं?"

"सांगलीची पार्टी हाय. माधवनगरची. वहिनीच्या म्हायेरचीच माणसं की."

"बाईमाणूस हाय का त्यांच्यात?"

"नवरा-बायको येणार म्हणाले हुते फोनवर. का गं?"

"न्हाई, उगंच."

आत येऊन त्यांनी पुन्हा फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तर बंद.

नाथाजी फौजी कँटीनमधून पिशवी घेऊन आले तेव्हा आमटीला उकळी फुटली होती. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस साताऱ्यात स्थायिक झाला आणि फौजेतल्या जुन्या सोबत्यांना प्लॉट दाखवता दाखवता एजंट झाला. त्यांच्या शब्दावर माणसं घरं घ्यायची. सुनेला धंद्यात त्यांनीच आणलं, बायकोचा आणि थोरल्या लेकाचा विरोध मोडून. बनुबाईंनी ते अजून पुरतं माफ केलेलं नव्हतं.

"आवं, तिचा फोन लागंना."

"रेंज नसंल. बंगला डोंगराच्या कुशीत हाय."

"मगा लागला हुता की."

"मग बोलली न्हवं? च्या टाक."

बनुबाईंनी चहा टाकला, देवापुढं जाऊन उदबत्ती लावली, परत आल्या, कपबशी नवऱ्याच्या हातात दिली आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"काय झालंय?" नाथाजींनी विचारलं.

"ती त्यो शब्द म्हणाली."

"कंचा शब्द?"

"निघताना बाया म्हणत न्हाईत त्यो."

ऋषिराज हसला. "आई, चुकून गेला असंल तोंडातनं. तुझं आपलं कायतरीच."

नाथाजी हसले नाहीत. त्यांनी कप बशीत ठेवला. चाळीस माणसांच्या तुकडीत कोण घाबरलंय हे आवाजावरून ओळखायची त्यांना सवय होती, आणि संयोगिता चुकून काही बोलणाऱ्यातली नव्हती.

"आगं, अपशकुन न्हवं त्यो," ते हळू म्हणाले. "तिनं तुला सांगितलंय. तिथं कुणीतरी ऐकत हुतं, म्हणून तुलाच कळंल असं बोलली. फोन करून किती येळ झाला?"

बनुबाईंनी चुलीकडं पाहिलं. डाळ घोटून झाली होती, फोडणी बसली होती, आमटी उकळून दाटही व्हायला लागली होती. तेवढा वेळ त्या गप्प होत्या. त्यांना रडू आलं, पण नाथाजी तोवर चपला घालून गाडीत बसले होते आणि ऋषिराज किल्ली घेऊन धावत होता.

*

संयोगितानं सगळं मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, शिकवल्याप्रमाणं केलं होतं. गिऱ्हाइकाच्या आधी जाऊन खिडक्या उघडल्या, बंद घराचा कोंदट वास जाऊ दिला, दिवे लागतात का ते पाहिलं, गाडीचं तोंड रस्त्याकडं करून ठेवलं. घर दाखवताना गिऱ्हाईक पुढं, आपण मागं. पुढं चालणारा माणूस घर आपलं समजून बघतो, आणि आपल्या पाठीशी कुणी राहत नाही. सासऱ्यांनी प्लॉटच्या धंद्यालासुद्धा परेड शिकवली होती आणि ती तिला मनापासून पटलेली होती.

पण आले ते दोन पुरुष. "मिसेसना बरं नाही ओ," पहिला म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. तो पुढं चालू लागला. दुसरा तरुण होता, आडदांड, तो आत आलाच नाही. दारातच मोबाईल बघत उभा राहिला. मामांच्या शिकवणीत गिऱ्हाईक एकाच बाजूला असायचं, इथं ते पुढंही होतं आणि पाठीशीही.

तिथंच बाहेर पडायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण मोठं गिऱ्हाईक, माहेरच्या गावचं, आणि उगाच माणसावर संशय कसा घ्यायचा? बाईला धंद्यात ही एक अडचण असतेच. घाबरली तर भित्री, नाही घाबरली तर आगाऊ.

खरं गिऱ्हाईक आधी नळ सोडून बघतं. भिंतीवर बोटानं टकटक करतं, कुठं ओल आहे का शोधतं, स्वयंपाकघर लहान आहे म्हणून नाक मुरडतं. भाव पाडायचा असतो ना त्याला. या माणसानं एका नळाला हात लावला नाही. प्रत्येक खोलीत "छान आहे" म्हणाला. पाण्याचं विचारलं नाही, किमतीचं विचारलं नाही. खिडकीशी थांबून विचारलं ते एवढंच, "शेजारी कोण राहतं?"

"आहेत की. थोडं पलीकडं."

"म्हणजे शांतता आहे. छान."

तिनं वरच्या खोलीची किल्ली मुठीत धरली. आणि ती हसून म्हणाली, "माधवनगरला कुठं ओ तुम्ही? माझं माहेर तिथलंच."

त्यानं गल्लीचं नाव सांगितलं. ते तिच्याच गल्लीचं होतं. त्या गल्लीतलं घर न् घर तिच्या पायाखालचं, आणि हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. ती थोडं थांबली आणि म्हणाली, "मग पुरात लय हाल झाले असतील तुमचे?"

"विचारू नका ताई. कंबरभर पाणी. सगळा संसार भिजला."

त्या गल्लीला पुराचं पाणी कधी शिवलंच नव्हतं. उलट नदीकाठची माणसं पोराबाळांसकट तिथं राहायला आली होती, आणि संयोगिताच्या आईनं त्यांच्यासाठी पातेलंभर पिठलं-भात रांधला होता. म्हणजे हा तिथला नाही. त्यानं तिच्या माहेरची गल्ली शोधून पाठ केली होती. घरासाठी कुणी असं करत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आत्याबाई.

"घ्या की," तो म्हणाला आणि ऐकू येईल इतका जवळ सरकला. "घरचा असेल."

डाळीचं की आमटीचं काहीतरी आत्या विचारत होत्या. संयोगिताला काही सुचेना. आणि मग तो शब्द सुचला, सासरी आल्यापासून ज्याला तिनं जिभेवर येऊ दिलं नव्हतं. आत्यांच्या तो कानात खुपणार, याची तिला खात्री होती. पण आत्या देवापुढं हात जोडून बसल्या तर, याची भीतीही होती.

"बघू, कुठला फोन आहे?" त्या माणसानं हात पुढं केला, घेतला, उलटसुलट केला. "मिसेसना असाच घ्यायचाय." फोन पुन्हा वाजला, त्यानं बटण दाबून तो बंद केला आणि बोलता बोलता स्वतःच्या खिशात टाकला. "घरी कोण कोण असतं ताई?"

दारातल्यानं मोबाईल खाली केला होता.

संयोगिता घर दाखवत राहिली. तिच्याकडं तेवढंच होतं. ओट्याचा दगड कुठला, माळा किती खोल, फरशी कशी थंड राहते, कपडे वाळत घालायला ऊन कुठल्या बाजूनं येतं. जी खोली ती एरवी दोन वाक्यांत उरकायची, तिथं ती कपाटाचा एकेक कप्पा उघडून दाखवू लागली. आपलाच आवाज तिला परका वाटत होता. बोलणं थांबलं की काय होईल हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये म्हणून ती बोलत होती.

"वरची खोली राहिली," तो म्हणाला.

"तिची किल्ली घरी विसरली."

"ती मुठीत आहे ना ताई?"

तिनं मूठ घट्ट मिटली. तो जिन्याकडं हात करून, अगदी आदबीनं, तिनं पुढं व्हावं म्हणून बाजूला झाला. दारातला एक पाऊल आत आला. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. कितीही ओढलं तरी हा कठडा सोडायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला.

तो माणूस हसला. "अरे, तुमचा फोन माझ्याकडंच," म्हणून त्यानं खिशातला फोन काढून पायरीवर ठेवला. नाथाजी आत शिरले तेव्हा तो दारापाशी नमस्कार करत होता. "फार छान दाखवलं घर तुमच्या सूनबाईंनी."

नाथाजींनी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ही आपली सून आहे हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हे त्यांच्या ध्यानात येईतो ते दोघं मोटारसायकलवर बसून डोंगर उतरून गेले होते. नंबराच्या पाटीला चिखल फासलेला होता.

*

थोरला लेक धैर्यशील एमआयडीसीतल्या कारखान्यातून थेट घरी पोचला तेव्हा आई सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकत होती. संयोगिता पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेला टेकली होती. त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती दचकली. त्याचा हात तसाच मागं आला. आपल्या हाताला ती दचकली, हे त्याला फार लागलं.

"पोलिसांना सांगितलं?"

"ठाण्यातल्या वळखीच्या माणसाला इचारलं," नाथाजी म्हणाले. "त्यो म्हणतोय, हात लावला का? धमकी दिली का? काय चोरलं का? मग लिहून काय घिऊ? त्याचं बी खरंच हाय. घर बघाय आले, बघून गेले."

"मग काहीतरी होईपर्यंत थांबायचं?" धैर्यशीलचा आवाज चढला. "मी पहिल्यापासून सांगत होतो. तुम्ही ऐकलं नाही. आता उद्यापासून बंद. बोर्ड उतरवा."

एरवी या वाक्यावर नाथाजी लेकाला उभं आडवं घ्यायचे. आज ते जमिनीकडं बघत होते. "उतरवू," ते म्हणाले. "मीच आणलं तिला यात. मीच बंद करतो."

धैर्यशीलला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तो जास्त घाबरला. बाप मागं सरतो हे त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं.

"तिला इचारा की कुणीतरी," बनुबाई म्हणाल्या.

तिघांनीही त्यांच्याकडं पाहिलं. सुनेनं घराघरांतून हिंडू नये म्हणून जिनं आजवर उपास धरायचे तेवढे बाकी ठेवले होते, ती हे म्हणत होती.

"काय बघताय? कोंडली ती, सुटली बी तीच. मी तर आमटी ढवळत बसली हुती."

संयोगितानं मान वर केली. "भाऊजी, त्या बंगल्याची जाहिरात लावा."

ऋषिराजनं कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला. धैर्यशीलनं वाकून वाचलं. 'निसर्गाच्या कुशीत बंगला. मालक परदेशात. बंगला रिकामा, कधीही पाहा. दाखवण्यासाठी आमच्या संयोगिता वहिनी सदैव हजर.' बाजूला तिचा हसरा फोटो, लाल साडीतला. तळाशी 'मूळच्या सांगली-माधवनगरच्या, आता सातारच्या सूनबाई' असं झोकात लिहिलेलं.

"घरगुती वाटावं म्हणून लिवलं," ऋषिराज पुटपुटला. "माणसांचा इश्वास बसतो म्हणून."

नाथाजींनी चष्मा काढला. "रिकामं घर हाय, मालक न्हाई, बाई एकटी हाय. ह्याला जाहिरात म्हणत न्हाईत बाळा. ह्याला आवतण म्हणत्यात."

ऋषिराजच्या डोळ्यांत पाणी आलं. धैर्यशीलला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि हात उचलवतही नव्हता. सदैव हजर. फोटो धैर्यशीलनंच काढलेला होता, गेल्या संक्रांतीला, आणि चांगला आलाय म्हणून भावाला त्यानंच पाठवला होता.

"चूक तुमची एकट्याची नाही," संयोगिता म्हणाली. आवाज बारीक पण सरळ होता. "रडू नका भाऊजी. रिकामं घर आहे असं कधीच लिहायचं नाही, आधी फोन करून वेळ ठरवा एवढंच लिहायचं. आणि गिऱ्हाइकाला आधी इथं ऑफिसात बोलवायचं, सगळ्यांच्या देखत बसवायचं, कोण कुठला बघायचं, मग दोघांनी मिळून घर दाखवायला जायचं. मी आज ते केलं नाही. माहेरचं नाव ऐकलं आणि हुरळले." ती थांबली. "पण ते सोडा. खाली बघा. पत्ता."

सगळ्यात खाली ऑफिसचा पत्ता होता. ऑफिस म्हणजे ही खोली. ही खोली म्हणजे हे घर.

ऋषिराजनं घाईघाईनं जाहिरात काढून टाकली. काढून टाकल्यानं काय होणार होतं हे त्यालाही कळत होतं.

दिवेलागण झाली होती. बनुबाई देवाजवळ दिवा लावून येऊन बसल्या आणि त्यांनी सुनेचा हात आपल्या हातात घेतला. या वेळी संयोगिता दचकली नाही.

टेबलावरचा तिचा फोन वाजू लागला. अनोळखी नंबर होता. नाथाजींनी हात पुढं केला आणि तसाच ठेवला. शेवटी धैर्यशीलनं फोन उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"नमस्कार. ताई आहेत का?"

संयोगिताचा चेहरा पाहून त्याला कळलं, की हा तोच.

"मी त्यांचा मिस्टर बोलतोय."

"हां, बोला की साहेब. बंगला पसंत आहे आम्हाला. वरची खोली तेवढी बघायची राहिली. उद्या ताईंना पाठवून द्या."

कारखान्यात दीडशे माणसांवर ओरडणारा धैर्यशील. त्याला शिवी द्यायची होती. "बंगला विकला गेला," एवढंच तो म्हणाला.

"अरेरे. इतक्यात?" पलीकडं थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. एक एसटी गेली. तीच एसटी घरासमोरून गेल्याचं सगळ्यांनी ऐकलं. "मग तुमचं घर दाखवा की साहेब. बाहेरनं तर छान दिसतंय. पुढची खोली ऐसपैस आहे, सगळे एकाच ठिकाणी बसलाय."

फोन बंद झाला.

पुढचं दार सताड उघडं होतं. तिन्हीसांजेला लक्ष्मी येते, तेव्हा दार लावायचं नसतं. बनुबाई या घरात आल्यापासून त्या वेळेला ते कधी लागलं नव्हतं. त्या उठल्या, त्यांनी दार लावलं, वरची कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मागचं बी लाव ऋषी. खिडक्या लाव. दिवा घालवा."

"नको," संयोगिता म्हणाली.

"येडी हायस का पोरी? त्यो भायेर हाय."

"म्हणूनच." ती उठून उभी राहिली. "तो तेवढंच बघायला थांबलाय आत्या. आज दिवे घालवून बसलो, की उद्याही तसंच बसायचं. मला भीती वाटतीय. लय वाटतीय. पण मी आत एकटी होते तेव्हा जेवढी वाटली, तेवढी आता नाही. आपण पाच जण आहोत. सगळ्यांनी जाऊन गेटात उभं राहू. त्याला आपण बघू, त्यानं आपल्याला बघू दे."

नाथाजी हळूहळू उठले आणि सुनेच्या शेजारी येऊन उभे राहिले. ऋषिराज डोळे पुसत आला. धैर्यशील पुढं आला. त्यानं बायकोकडं बघून विचारलं, "धरू?" तिनं मान हलवली, तेव्हा त्यानं तिचा हात धरला. तो थंडगार होता.

बनुबाई अजून दाराला पाठ लावूनच होत्या. त्यांनी एकेकाकडं पाहिलं, शेवटी सुनेकडं, आणि तिच्याकडंच बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला, वळल्या आणि कडी काढली.